देवदूताने आधी भाकर दिली



एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपण देवळात अनेकदा ऐकली आहे. ११ ऑगस्ट २०२४ च्या रविवारी पहिले वाचन तेच होते. कार्मेल डोंगरावर बाल दैवताच्या साडेचारशे पुजाऱ्यांसमोर हा माणूस एकटा उभा राहिला आणि जिंकला. पण लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीचा निरोप आला आणि तोच एलिया जीव मुठीत धरून पळाला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या सेवकाला मागे ठेवले, दिवसभर वाळवंटात एकटाच चालला, एका झुडपाखाली जाऊन बसला आणि देवाजवळ त्याने मरण मागितले.

ज्याने मरण मागितले त्याला देवाने काय दिले, हे नीट पाहण्यासारखे आहे. देवाने त्याला रागावले नाही की उपदेशही केला नाही. आधी त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला हात लावून जागे केले. उशाशी तापलेल्या दगडांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचे भांडे होते. एलिया जेवला, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवदूताने घाई केली नाही. दुसऱ्यांदा उठवले तेही जेवण्यासाठीच, कारण पुढची वाट लांबची होती. चाळीस दिवस चालून एलिया होरेब पर्वतावर पोहोचला आणि मग देव त्याच्याशी बोलला. राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकोणिसावा अध्याय घरी सावकाश वाचावा. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, आणि त्यानंतर संवाद, असा तेथे क्रम आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, घरभेटींच्या वेळी एकच वाक्य आम्हांला घरोघरी ऐकू येते: "फादर, थकवा काही जात नाही." पहाटेची विरार लोकल पकडून रात्री नवाच्या पुढे घरी येणारा माणूस हेच सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूची तीन वर्षे सेवा करणारी सूनही हेच सांगते. मुले परदेशी गेलेली आणि दोघेच मागे राहिलेली म्हातारी जोडपी हेच सांगतात, आणि अलीकडे अकरावी-बारावीची मुलेसुद्धा. मग आम्हांला प्रार्थना करायला सांगितले जाते, आणि आम्ही ती आनंदाने करतो. मात्र त्याबरोबर आम्ही आता दोन प्रश्न विचारतो: आज दुपारी काय जेवलात? काल रात्री किती तास झोपलात? ऐकणारा थोडा गोंधळतो. फादरने विचारायचे हे प्रश्न नव्हेत, असे त्याला वाटते.

हा गोंधळ जुना आहे. प्लेटो नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या लिखाणात शरीर हा आत्म्याचा तुरुंग आहे असा विचार येतो, आणि तो आपल्या बोलण्यात कळत-नकळत अजूनही टिकून आहे. देह काय, आज आहे उद्या नाही. आत्मा सांभाळा, असे आपण म्हणतो. संत थॉमस अक्वायनस यांना हे मान्य नव्हते. नुसता माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. माणूस म्हणजे आत्मा आणि शरीर मिळून एक. म्हणून मन दुखावले की भूक जाते, आणि पोट उपाशी राहिले की मन चिडते. मत्सर, चिडखोरपणा, निराशा यांची कबुली द्यायला येणाऱ्या काही जणांना पापक्षमेबरोबर दोन घास आणि आठ तास झोप यांचीही गरज असते, हे आम्ही थट्टेने म्हणत नाही.

संत थॉमस यांच्या 'सुम्मा' या महाग्रंथात दुःखावरच्या उपायांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आम्ही गुरुकुलात तत्त्वज्ञान शिकत असताना ते प्रथम वाचले आणि चकित झालो. प्रार्थना, धीर, श्रद्धा अशी यादी असेल अशी आमची अपेक्षा होती. तेथे पाच उपाय दिले आहेत: काहीतरी आनंद देणारे करणे, रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान. तेराव्या शतकातील एवढा मोठा विद्वान, आणि दुःखी माणसाला सांगतो की गरम पाण्याने आंघोळ कर आणि झोप! कारणही देतो. दुःखाने शरीराची नैसर्गिक हालचाल मंदावते. जे जे शरीराला मूळ स्थितीवर आणते ते ते दुःख हलके करते. यासाठी तो संत अगस्तीन यांचा दाखला देतो. आई मोनिका सन ३८७ मध्ये वारली तेव्हा अगस्तीन आंघोळीला गेले. आंघोळीने दुःख धुऊन निघते असे त्यांनी ऐकले होते. ते काही निघाले नाही. मग ते झोपले, आणि जागे झाले तेव्हा दुःख पुष्कळ सौम्य झाले होते. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

तेव्हा प्रथम जेवणाबद्दल बोलू. आपली वसईची माणसे वाडीतली. केळी, पडवळ, दुधी, वांगी, माठ, अळू, शेवगा हे सारे आपण पिकवले आणि मुंबईला खाऊ घातले. आज त्याच घरांत पहाटे चहाबरोबर खारी किंवा बटर, स्टेशनवर वडापाव, दुपारी डबा अर्धा, चारला पुन्हा चहा-बिस्कीट आणि रात्री दहाला भरपेट भात, असा दिवस जातो. म्हणजे दिवसभर उपास आणि झोपण्याच्या तोंडावर मेजवानी. हे उलटे करता आले तर निम्मे काम होईल. पहाटे वेळ नसतो हे खरे. पण रात्रीची भाकरी आणि थोडी भाजी, एखादे उकडलेले अंडे, केळे, किंवा आपल्या आजीची तांदळाची पेज, यांना खारीपेक्षा जास्त वेळ लागत नाही. रात्रीचे जेवण झोपेच्या निदान दोन तास आधी व्हावे. ज्याला लोकल नवाला घरी सोडते त्याने संध्याकाळी गाडीत बसण्याआधीच काही नीट खाऊन घ्यावे आणि घरी येऊन हलके जेवावे.

चहाचा हिशोब एकदा घरी करून पाहावा. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे आठ चमचे साखर, सुमारे ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सहा चमचे राहिली तर उत्तम. आपला चहाच ती ओलांडून जातो. स्नानसंस्काराचा केक आणि लग्नातील आइस्क्रीम अजून यायचे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही अधिक, सुमारे साडेतेरा कोटी. चमचा एकदम बंद करू नये, कारण ते चार दिवस टिकते. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करावा. जिभेला कळतही नाही.

मिठाचेही तसेच. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ पुरे असते, आणि त्यात पाव, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही धरायचे. सुकी मासळी सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्यात वसईत राहून असे म्हणणाऱ्याचे कोण ऐकेल? पण उन्हात वाळवलेला बोंबील वेगळा आणि मीठ भरून मुरवलेली खारी मासळी वेगळी. खारी मासळी पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, कालवणात वरून मीठ घालू नये, आणि ज्या दिवशी ती ताटात असेल त्या दिवशी लोणच्याची बरणी कपाटातच राहावी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर नक्कीच.

किती खावे, याबद्दल संत इग्नेशियस लोयोला यांनी फार व्यवहारी युक्ती सांगितली आहे. पुढच्या जेवणाला किती खायचे हे आधीच्या जेवणानंतर, पोट भरलेले असताना ठरवावे. भूक लागलेली असताना ठरवू नये. लग्नाच्या बुफेला जाण्यापूर्वी ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे. इग्नेशियस यांना हे शहाणपण फुकट मिळाले नव्हते. १५२२ मध्ये मान्रेसा येथे त्यांनी इतके कडक उपवास केले, एकदा तर आठवडाभर अन्नपाणी सोडले, की पुढे जन्मभर पोटाच्या दुखण्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही. म्हणूनच १५४८ मध्ये फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र लिहून त्यांनी उपवास कमी करण्यास सांगितले. शरीरही देवाचेच आहे आणि त्याचाही हिशोब द्यावा लागतो, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे आम्ही आपल्या काही आजींसाठी मुद्दाम लिहीत आहोत. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवासाचा नियम वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्यांना आहे. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने दिवसभर काही न खाणे हे पुण्य नव्हे. औषध घेऊन जेवण टाळले तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात आणि भोवळ येते. तिने त्या दिवशी वेळेवर जेवावे आणि मालिका पाहू नये. तिला तोही उपवासच आहे.

संत पौलाने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, हे वचन आपल्या काही पुरुषमंडळींना अध्याय-ओवीसह पाठ असते. त्यातील 'थोडा' हा शब्द आणि तिमथ्याचे वारंवारचे आजारपण मात्र पाठांतरात गळते. दारूने झोप येते, असेही सांगितले जाते. डोळा लागतो हे खरे. पण मध्यरात्रीनंतर झोप तुटत राहते आणि सकाळी माणूस आदल्या दिवसापेक्षा थकलेला उठतो. दुःख बुडवायला म्हणून घेतलेली दारू दुःखाला पोहायला शिकवते, असे एका जुन्या शेतकऱ्याने आम्हांला सांगितले होते. तो स्वतः सोडून बसला होता, म्हणून त्याचे ऐकले.

झोप मोठ्या माणसाला सात तास तरी हवी. मोबाइल उशाशी ठेवून ती मिळत नाही. रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा आणि गजराचे जुने घड्याळ पुन्हा बाहेर काढावे, एवढी साधी गोष्ट आहे. चालण्याचे तर आणखी सोपे. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे पुरते. आपली अर्धी वस्ती देवळापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि तरी रविवारी आवारात स्कूटर लावायला जागा नसते. यावर अधिक लिहीत नाही.

संध्याकाळच्या रोझरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात इटलीतील डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅटिनमधील रोझरी सावकाश म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ होतो आणि हृदयाच्या गतीवरही त्याचा चांगला परिणाम होतो, असे त्यांना आढळले. बौद्ध मंत्राने तसेच घडते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. रोझरी ही काही रक्तदाबाची गोळी नव्हे, आणि तिचे मोल श्वासावरून ठरत नाही. परंतु आपल्या घरांत ती ज्या वेगाने म्हटली जाते त्यात श्वास घ्यायलाच जागा उरत नाही. जणू शेवटची फास्ट पकडायची आहे. पाच रहस्ये घाईने म्हणण्यापेक्षा दोन सावकाश म्हणा. मुलेही मग उठून पळणार नाहीत.

संत थॉमस यांच्या यादीतील रडणे आणि मित्र यांच्याकडे वळतो. आत कोंडलेली वेदना अधिक टोचते, कारण मन तिच्याभोवतीच फिरत राहते. ती बाहेर आली की मन मोकळे होते, असे ते म्हणतात. आपल्याकडे स्त्रिया अंत्यविधीला रडतात. पुरुष मंडपाच्या खांबाला टेकून उभे राहतात आणि महिनाभराने त्यांचा रक्तदाब वाढतो. मित्राविषयी त्यांनी दोन कारणे दिली आहेत. एक, ओझे वाटून घेतल्यासारखे वाटते. दुसरे त्यांना अधिक पटते: कोणीतरी आपल्यासाठी दुःखी आहे हे पाहून आपल्यावर प्रेम केले जाते हे कळते, आणि त्याचाच आनंद होतो. यासाठी मोठी वाक्ये लागत नाहीत. आठवड्यातून एकदा कोणाकडे तरी बसणे, आणि बसल्यावर फोन खिशातच ठेवणे, एवढे पुरते. ज्याच्या घरी दुःख झाले त्याच्याकडे सातव्या दिवसापर्यंत सगळे जातात. चाळिसाव्या दिवसानंतर जाणाऱ्याची खरी गरज असते.

मात्र येथे एक भेद सांभाळावा लागतो. सवयींनी थकवा आणि उदासी हलकी होते. आजार सवयींनी बरा होत नाही. दोन आठवडे सलग मन खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर तो डॉक्टरांचा विषय आहे. अशा माणसाला श्रद्धा कमी पडते असे कोणीही, प्रार्थनागटातल्या कोणीही, म्हणू नये. एलियाची श्रद्धा कमी नव्हती. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे. तो दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. क्रमांक कात्रीने कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. ज्याला लागेल तो सर्वांदेखत विचारायला येत नाही.

आता ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्यांच्याविषयी. घरात आजारी माणूस असला की सेवा करणारी व्यक्ती बहुधा बाईच असते, आणि ती सर्वांच्या शेवटी, उरलेले, उभ्याने, ओट्याशी खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. या बायकांना चक्कर आली की घरचे म्हणतात, दमली असेल. तिने हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, जेवणात पालेभाजी, कडधान्य, मासे घ्यावेत, वर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. पण ज्या बाईला बसून जेवायला दहा मिनिटे मिळत नाहीत तिला लिंबाचा सल्ला देऊन काय उपयोग?

ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास काही खाऊ नये, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही, हेही बहुतेकांना माहीत असते. १९८३ च्या कॅनन लॉमधील या ९१९ व्या कलमाचा शेवटचा भाग मात्र फारसे कोणी वाचत नाही. वृद्धांना आणि आजाऱ्यांना ही तासाभराची अट नाही, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. कायदा लिहिणाऱ्यांना ती ओट्याशी उभी असलेली बाई दिसली होती. याइराच्या मुलीला उठवल्यावर प्रभू येशूने तिला काहीतरी खायला द्या असे सांगितले, हे मार्क आवर्जून लिहितो. आणि शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा त्यांना एकांतात विसाव्यासाठी नेले, हेही तोच लिहितो.

म्हणून प्रत्येक आळीच्या प्रमुखांना आमची विनंती आहे. आपल्या आळीत अंथरुणाला खिळलेली माणसे कोणाकोणाच्या घरी आहेत हे आपणांस ठाऊकच आहे. अशा प्रत्येक घरासाठी आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसायला जाणाऱ्या तीन-चार जणांची नावे काढावीत आणि या महिनाअखेर आम्हांला द्यावीत. त्यात पुरुषही असावेत. त्या दोन तासांत सेवा करणाऱ्या व्यक्तीने झोपायचे, चालायला जायचे, की देवळात यायचे, हे तिचे तिने ठरवावे. आपण सुचवू नये. जाताना हातात एक डबा असावा, गरम असेल तर उत्तम. आणि ती खाली बसून तो खाईपर्यंत आपण रुग्णाजवळून उठू नये.